वुस्टरची बाटली आडवी केली कोणी?

पोस्टकार्ड: काल इथे एकाने लिहिलं, 'मतदानाने दारूबंदी म्हणजे बायकांचा हट्ट, अमेरिकेतही तेच झालं.' डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८८१ च्या कायद्याने गावोगाव दरवर्षी मत घ्यायचे, दारूचे परवाने द्यायचे की नाही. शहरांत हे डिसेंबरातल्या नगरनिवडणुकीबरोबरच उरकायचं. १९०७ साली वुस्टर 'नाही' म्हणालं, १ मे १९०८ ला गुत्ते बंद. लाखावर वस्तीचं कारखान्यांचं शहर! आणि मत देणारे झाडून पुरुष. बायकांना १८७९ पासून मत होतं ते फक्त शाळा समितीपुरतं. मग हट्ट कुणाचा?

परमिटरूम: मत पुरुषांचं, पण घरी भुणभुण कुणाची? आणि दोन वर्षांत वुस्टर परत 'हो' म्हणालं, ते बरं गाळलंत!

पोस्टकार्ड: मग त्याच राज्यातलं केंब्रिजही सांगा की. १८८६ पासून देशभर बंदी येईपर्यंत दरवर्षी 'नाही'च.

परमिटरूम: त्यांना काय, पूल ओलांडला की बॉस्टन, तिथे कायम 'हो'. माझ्या आत्याच्या गावी बंदी झाली. आता मंडळी फाट्यावर जातात आणि येताना गाडीवरून पडतात.

शेवंती: तुमचं अमेरिकापुराण चालू द्या. आमच्या वॉर्डात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं. कागदावर दोन बाटल्या, उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पडलेल्या मतांत आडवी कितीतरी पुढे, तरी हरलो. का, तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, नाव यादीत. नणंदा सासरी, नावं इथेच. एका घरातून तीन मतं दुकानदाराला फुकट!

मोकाट: याद्यांचं नाव काढू नका! मी दोन वॉर्डांत आहे, वडील एकातही नाहीत. तीन अर्ज केले. दरवेळी 'साहेब मीटिंगला गेलेत'.

परमिटरूम: मग दोनदा मत देता वाटतं?

मोकाट: तोंड सांभाळून. एकदाही दिलं नाही, वैतागून.

शेवंती: म्हणजे तुम्हीही मयतांच्याच रांगेत.

परमिटरूम: बरं बाई, मेलेल्या माणसाचं मत उभ्या बाटलीला जाणं मलाही पटत नाही. झालं समाधान?

पोस्टकार्ड: वुस्टरला पडलेलीच मतं मोजायचे. तिथे सासूबाई आडव्या आल्या नसत्या.

शेवंती: त्यांच्यावर विनोद नको. सासऱ्यांनी दोन एकर रान पिण्यात घालवलं. त्या असत्या तर सकाळी सातला रांगेत पहिल्या असत्या.