थीम पार्कमधला बुफे: सहा जणांच्या कुटुंबाला तो परवडतो का?

प्रश्न: मुलुंडकर

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा सहा जणांना एक दिवस बाहेर काढायचा आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. गोराईचे वॉटर किंगडम की खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका, हे अजून ठरलेले नाही आणि खरे सांगायचे तर ते जेवणावर अडले आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, गोळी घेतल्यावर त्यांचे जेवण लांबलेले चालत नाही. सासरे कांदा-लसूण खात नाहीत. मुलीचे जेवण घरीसुद्धा चार घास वरण-भात एवढेच असते.

मागच्या मे महिन्यात आम्ही एका वॉटर पार्कमध्ये तिकिटासोबतच माणशी ६०० रुपयांचा बुफे घेतला होता. मुलगी उंचीत बसत नव्हती म्हणून तिचे पैसे लागले नाहीत, पण उरलेल्या पाच जणांचे ३००० रुपये झाले. दुपारी दीड वाजता ओल्या कपड्यांनी आम्ही पोहोचलो तेव्हा रांग दाराबाहेर आली होती. मुलाने ताटात तीन गुलाबजाम, एक पापड आणि नूडल्सचा ढीग वाढून घेतला, त्यातला एक गुलाबजाम आणि पापड संपवला आणि "झालं माझं, चल ना" म्हणत माझा हात ओढायला सुरुवात केली. पनीरच्या भाजीखालचा दिवा विझलेला होता आणि वरचा तेलाचा तवंग थिजून पांढरट झाला होता. कांदा-लसणाशिवाय काय मिळेल असे विचारल्यावर सासऱ्यांना साधा भात, दही आणि काकडीच्या चकत्या दाखवण्यात आल्या. ते काही बोलले नाहीत, निमूटपणे दही-भात कालवून खाऊ लागले. त्यांचे ते न बोलणे माझ्या अजून मनात आहे.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि सुटे पदार्थ घेतले तर दर वेळी पाकीट उघडावे लागते, त्यामुळे बुफे टाळावा असेही ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांच्या घरात लहान मुले आणि वडीलधारी माणसे दोन्ही आहेत, त्यांनी हा हिशेब कसा मांडला ते कृपया सांगावे.

उत्तर १: ठाण्याचा केटरर

मी वीस वर्षे लग्नकार्यांची आणि कार्यालयांच्या सहलींची जेवणे करतो. पार्कमध्ये माझे काम नाही, पण बुफेचे गणित सगळीकडे सारखेच असते आणि ते माहीत असले तर तुमचा निर्णय सोपा होईल.

आम्ही जेवण पानांवर मोजतो. दोनशे पाने सांगितली म्हणजे दोनशे माणसे पोटभर जेवतील असे धरत नाही. त्यात मुले किती, म्हातारी माणसे किती, पंगत किती वाजता बसणार, आधी नाश्ता झालेला आहे का, हे सगळे विचारूनच तांदूळ आणि पनीर काढतो. माणशी एकच दर परवडतो तो याच कारणाने, की खूप खाणाऱ्या एकाचा भार कमी खाणारे तिघे उचलतात. तुमच्या कुटुंबात नेमके हे कमी खाणारे जास्त आहेत. मागच्या वेळच्या ३००० रुपयांपैकी पैसे वसूल होतील असे जेवणारे तुम्ही दोघेच होता, म्हणजे तुम्ही दुसऱ्यांच्या ताटाचे पैसे भरून आलात. यात पार्कने फसवले असे नाही, बुफेची रचनाच तशी आहे.

दुसरी गोष्ट मांडणीची. टेबलाच्या सुरुवातीला सॅलड, पापड, पुऱ्या, पुलाव आणि नूडल्स असतात, आणि पनीर किंवा चिकन शेवटाकडे असते, कारण तिथे पोहोचेपर्यंत ताट भरलेले असते. तेव्हा ताट हातात घेण्याआधी रिकाम्या हाताने टेबलाला एक फेरी मारावी. मुलांना स्वतः वाढून घेऊ देण्याआधी तर ही फेरी नक्कीच मारावी. मूल डोळ्यांनी जेवते आणि पहिल्या तीन भांड्यांतच त्याचे ताट भरते.

आता विझलेल्या दिव्याबद्दल. ही किरकोळ बाब नाही. मांडून ठेवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवे, मांसाहारी पदार्थ त्याहून थोडे जास्त गरम. त्याखाली अन्न कोमट राहिले की जंतू वाढायला लागतात, आणि शिजवलेला भात त्यात सर्वांत फसवा, कारण तो बिघडलेला वासावरून कळत नाही. चेफिंग डिशचे, म्हणजे खाली दिवा लावलेल्या त्या भांड्याचे, झाकण उघडल्यावर वाफ आली नाही आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले नाहीत, तर ते भांडे सोडून द्यावे आणि वाढप्याला गरम आणायला सांगावे. त्यात संकोच करू नये. बुफे सुरू होतो तेव्हाच, म्हणजे बहुतेक ठिकाणी साडेबारा-एकच्या सुमारास, जेवायला बसावे. तेव्हा अन्न नुकतेच चुलीवरून उतरलेले असते, रांग नसते, आणि सगळे जेवायला येतात त्या वेळी तुमची मुले राइडच्या छोट्या रांगेत असतात. दीड ते अडीच ही सर्वांत वाईट वेळ, कारण त्या गर्दीत भांडी नुसती भरत राहतात आणि खालची आंच कोणी बघत नाही.

सासऱ्यांसाठी आदल्या दिवशी फोन करावा. मुंबईत जैन जेवण मागणारे गिऱ्हाईक रोजचे आहे, त्यामुळे कांदा-लसणाविना डाळ आणि एक भाजी वेगळी काढून ठेवणे कोणत्याही भटारखान्याला अवघड नाही. पण ऐन वेळी मागितले तर त्यांच्याकडे सगळ्या भाज्यांना एकच मसाला पडलेला असतो. फोनवर स्पष्ट होकार मिळाला नाही, तर त्यांचे पान बुफेत धरू नये.

उत्तर २: गोरेगावची आजी

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते, कारण माझे वय अडुसष्ट आहे आणि मलाही साखर आहे. आम्ही ताटात किती घेतो यावरून आमचे पैसे वाया गेले असे कृपया मोजू नका. दिवसभर उन्हात नातवंडांच्या चपला आणि टॉवेल सांभाळत बाकावर बसल्यानंतर पंख्याखाली पाठ टेकायला खुर्ची, हात धुवायला नळ आणि जवळ स्वच्छतागृह मिळणे, याची किंमत दरपत्रकात दिसत नाही. आमच्या घरी मुलगा आता फक्त आम्हा दोघांसाठी आणि आमच्यासोबत बसणाऱ्या एकासाठी बुफे घेतो. आम्ही साडेबाराला आत जातो, सावकाश जेवतो आणि तासभर उठत नाही. मुले बाहेर डोसा किंवा सँडविच खातात आणि खूश असतात.

औषधाबद्दल एक सांगते. गोळी घरून निघताना किंवा रांगेत उभ्याने घेऊ नये. जेवणाआधीची गोळी असेल तर ताट समोर दिसल्यावरच घ्यावी. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटे ठेवावीत. सामान तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तेव्हा माझा छोटा डबा कोणी अडवला नाही.

उत्तर ३: डोंबिवलीचा बाबा

माझे मत थोडे वेगळे आहे. माझे दोन मुलगे चौदा आणि सोळा वर्षांचे आहेत आणि आमच्यासाठी वॉटर पार्कमधला बुफे दर वेळी वसूल झाला आहे. पाण्यात चार तास काढले की शरीराची उष्णता पाण्यात जाते आणि भूक अशी लागते की सुट्या पदार्थांनी ती भागत नाही. बुफे न घेता गेलो तेव्हा दोघांनी मिळून दोन वडापाव, एक पिझ्झा, फ्राइज, पुन्हा एक पिझ्झा आणि चार थंड पेये घेतली, आणि संध्याकाळी हिशेब केला तर बुफेपेक्षा जास्त झाले होते.

राइडच्या पार्कमध्ये मात्र आम्ही बुफे घेत नाही. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि त्यावर उलटेपालटे करणाऱ्या राइडमध्ये बसले की मळमळ ठरलेली. धाकट्याला एकदा जेवल्यानंतर अर्ध्या तासातच रोलर कोस्टरवर बसू दिले आणि उरलेली संपूर्ण दुपार त्याला सावलीत आडवे ठेवावे लागले. तेव्हा तुमचे गोराई ठरले तर मुलाचे पान बुफेत धरा, खोपोली ठरले तर धरू नका. नऊ वर्षांचा मुलगा पाण्यातून बाहेर आल्यावर वेगळाच जेवतो.

उत्तर ४: हिशेबनीस, विलेपार्ले

वरच्या सगळ्या उत्तरांत एक बाब राहिली आहे, ती म्हणजे बुफे तिकिटाला जोडून घ्यायचा की आत जाऊन वेगळा. मी करसल्लागार आहे म्हणून ती थोडी विस्ताराने मांडतो.

मनोरंजन उद्यानाच्या प्रवेशावरचा जीएसटी २५ जानेवारी २०१८ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. साध्या उपाहारगृहातल्या जेवणावर तो ५ टक्के असतो. जीएसटी कायद्याचा नियम असा, की दोन गोष्टी एकाच किमतीत बांधून विकल्या आणि त्या मिश्र पुरवठा, म्हणजे एकमेकींशी स्वाभाविक संबंध नसलेल्या, ठरल्या तर सगळ्या गाठोड्याला त्यांतला चढा दर लागतो. आणि एक मुख्य व दुसरी तिच्या अनुषंगाने येणारी ठरली तर मुख्य गोष्टीचा दर लागतो. प्रवेश आणि बुफे एकाच किमतीत बांधले, तर दोन्ही वाटांनी जेवणावर १८ टक्के येऊ शकतात. ६०० रुपयांच्या पानावर ५ टक्क्यांनी ३० रुपये होतात आणि १८ टक्क्यांनी १०८. पाच पानांत फरक ३९० रुपयांचा. म्हणून संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी जेवणाची ओळ वेगळी आहे का, तिचा कर वेगळा दाखवला आहे का आणि दर करासह आहे की कराशिवाय, एवढे पाहून घ्यावे. जोडून घेतल्यावर मिळणारी सवलत या फरकापेक्षा मोठी असेल तर खुशाल घ्यावी, पण जेवण न घेतल्यास पैसे परत मिळतील का ते आधी वाचावे. दिवाळीत अवेळी पाऊस आला किंवा मुलगी आजारी पडली तर हीच अट महत्त्वाची ठरते.

बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले दिसले तर ते काढायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तेच सांगतात. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बाहेरच्या खाण्याच्या बंदीबद्दल अनेकांना राग असतो आणि तो मला समजतो, पण चित्रपटगृहांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अशी बंदी घालण्याचा मालकाचा अधिकार मान्य केला आहे. त्याच वेळी पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी वाजवी प्रमाणात खाणे आत नेता यावे, हेही न्यायालयाने नोंदवले. निकाल चित्रपटगृहांपुरता असला तरी पार्कच्या दारात शांतपणे बोलताना तो आठवणीत असलेला बरा.

उत्तर ५: सध्या फ्लोरिडात, मूळ गिरगावकर

इथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये काय होते ते सांगतो, कारण तुलनेने प्रश्न स्पष्ट होतो. काही उपाहारगृहांत बुफे असतो आणि मिकी किंवा पूह ही कार्टूनमधली पात्रे स्वतः प्रत्येक टेबलापाशी येतात. तीन वर्षांखालच्या मुलांचे पैसे लागत नाहीत, तीन ते नऊ वर्षांसाठी मुलांचा दर, आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. तो बुफे महाग आहे, पण आमच्या मुलीला मिकीला भेटायला वेगळ्या रांगेत उभे राहावे लागले नाही, म्हणून त्यात आम्हाला जेवणाखेरीजही काही मिळाले. शिवाय घरचे खाणे पार्कमध्ये नेता येते, काचेची भांडी आणि मद्य तेवढे चालत नाही. सकाळी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लोणचे पिशवीत टाकून आम्ही निघतो आणि बुफे घ्यायचा तो हौसेने घेतो, नाइलाजाने नाही. मुंबईजवळच्या पार्कांनी निदान वृद्धांसाठी आणि लहान मुलांसाठी डब्याला परवानगी दिली, तर त्यांचा बुफे ओस पडेल असे मला वाटत नाही.

मुलुंडकर (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना ही सगळी उत्तरे घरात मोठ्याने वाचली. आजींचे उत्तर ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी हेच म्हणत होते," आणि मला खरोखरच वाईट वाटले, कारण त्या हे म्हणाल्या होत्या आणि मी ते पैशाच्या हिशेबात ऐकलेच नव्हते.

आम्ही इमॅजिकाला जायचे ठरवले आहे. सकाळी सहाला निघून पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्समध्ये पोटभर नाश्ता करू, म्हणजे मुलगा दुपारी सँडविचवर राहील. बुफे आत गेल्यावरच घेऊ आणि तो सासू-सासऱ्यांसाठी व माझ्यासाठी, असा तिघांचाच. यजमान मुलाला घेऊन राइडवर राहतील. मुलीसाठी मऊ भाताचा छोटा डबा सोबत ठेवते आणि दारात विचारते. कांदा-लसणाशिवायच्या जेवणासाठी आदल्या दिवशी फोन करणार आहे, तो मी नाही, सासरे स्वतः करणार आहेत. त्यांनीच तसे सांगितले.