एप्रिलच्या सॅटेलाइट मॅपवर वाघोलीची रानं पेठांपेक्षा लाल कशी काय?

वाघोलीकर: मंडळी एक डाउट आहे. एप्रिलमधला पुण्याचा लँडसॅट सॅटेलाइटचा टेंपरेचर मॅप बघत होतो, वाटलं पेठा नि हिंजवडी लालभडक असतील आणि बाहेरची शेतं गार, पण झालंय उलटंच, वाघोलीच्या पुढची मोकळी रानं जास्त लाल आणि पेठा त्यापेक्षा बऱ्या दिसतायत. मग सिमेंट वाढलं म्हणून पुणं तापलं म्हणतात ते खरं की नुसत्या गप्पा?

नकाशेवाला: मॅप बरोबरच आहे, टायमिंग बघा. लँडसॅट आपल्यावरून सकाळी अकराच्या आसपास जातो. एप्रिलात ज्वारी-हरभरा निघून गेलेला, रान उघडं, मातीत ओल नाही, मग ऊन लागलं की वरचा थर झटकन तापतो. पेठांत निदान इमारतींची सावली तरी पडते. पण तीच माती रात्री तितक्याच झटकन निवते आणि स्लॅब, भिंती, डांबर मात्र दिवसभर मुरलेली उष्णता पहाटेपर्यंत सोडत बसतात, त्यात इमारती दाटीवाटीनं असल्या की ती वर निघूनही जात नाही. मोडिसचा (नासाच्या सॅटेलाइटवरचा सेन्सर, तो रात्रीचंही टेंपरेचर टिपतो) रात्रीचा डेटा लावा, पिक्सेल १ किमीचा असल्यानं सोसायटी काय दिसणार नाही पण शहराचा गरम डाग स्पष्ट येतो.

मांजरीची ताई: आणि आधी तिथं काय होतं ते कुणी विचारतच नाही! आमच्या हडपसर-मांजरी भागात मुठा कालव्याचं पाणी, मगरपट्टा सिटी आहे तिथं ऊस होता. ओल्या पिकातून पाणी हवेत जात राहतं, त्यातच बरंचसं ऊन खर्ची पडतं. अशा जागी टॉवर आले की सकाळच्या मॅपवरसुद्धा फरक दिसणारच. वाघोलीकडं माळ आणि दगडखाणी, तो भाग उन्हाळ्यात आधीपासूनच तापायचा. म्हणून अख्ख्या पुण्याचा एकच आकडा काढून फॉरवर्ड करणाऱ्यांची मला चीड येते.

वाघोलीकर: ओके ताई, पटलं. पण मॅपवर ४५ च्या वर आणि हवामान खातं म्हणतं ३९, हे कसं काय?

नकाशेवाला: दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत दादा. सॅटेलाइट जमिनीचा, छताचा पृष्ठभाग किती तापलाय ते सांगतो, हवामान खातं साधारण सव्वा मीटर उंचीवर पांढऱ्या पेटीत, सावलीतली हवा मोजतं. चपला न घालता गच्चीवर जा दुपारी, लगेच कळेल 😄 अजून एक, दोन वर्षांची तुलना करताना महिना तोच ठेवा आणि आधीच्या आठवड्यात वळीव झाला होता का तेही बघा, एक सर पडली तरी रानाचा रंग बदलतो. नाहीतर सरळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सीन घ्या, पावसानंतर आजूबाजूला हिरवं असतं, तेव्हा शहर सकाळच्या मॅपवरही वेगळं उठून दिसतं.

मांजरीची ताई: ऑक्टोबरचा काढलात तर इथंच टाका, हडपसरचा तुकडा झूम करून.