पावसाळ्याआधी औषधखरेदी: पैसे थोडे, आधी काय घ्यावं?

खाडीपलीकडे:
सिंधुदुर्गातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. वरून येणारा पुरवठा लांबलाय, रुग्ण कल्याण समितीकडे रक्कम बेताची. एएसव्ही (सर्पदंशावरचं प्रतिविष), रेबीजची लस, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, प्रतिजैविक), सलाईन, खोकल्याचं औषध, व्हिटॅमिन असं सगळं थोडं थोडं घ्यावं का? लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून लावणीच्या दिवसांत डॉक्सी गावभर वाटा, अशीही मागणी आहे.

फुरसं_घोणस:
थोडं थोडं अजिबात नको. एएसव्ही कुप्यांत मोजू नका, रुग्णांत मोजा. विष भिनल्याची लक्षणं असतील तर पहिला डोसच ८ ते १० कुप्यांचा. कपाटात ४ कुप्या म्हणजे एकाही रुग्णाची सोय नाही. निदान २० ठेवा, आणि पावडरची घ्या. द्रवरूप २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आपल्याकडे पावसात लाईट किती टिकते ते ठाऊकच आहे. अ‍ॅड्रेनालिन, निओस्टिग्मिन, अ‍ॅट्रोपिन ही सोबत लागणारी औषधं स्वस्त आहेत, पण अ‍ॅड्रेनालिन हाताशी नसेल तर एएसव्ही सुरू करणंच धोक्याचं, कारण एएसव्हीची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर तेच द्यावं लागतं.

कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळ्याही यादीत घाला. २० मिनिटांत रक्त गोठतं का, हे त्यात बघायचं; गोठलं नाही तर विष भिनलंय असं धरून एएसव्ही देतात. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि दहा कुप्या नाहक जातात.

लसटोचक:
रेबीजची लस कातडीत द्या: ०.१ मिली दोन जागी, ०, ३, ७, २८ व्या दिवशी. पूर्ण कोर्स ०.८ मिलीत होतो, स्नायूत द्यायची तर पाच कुप्या लागतात. अडचण एकच, उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून शेजारच्या केंद्रांशी बोलून पुढचे डोस एकाच ठिकाणी ठरवा. पहिला डोस मात्र कुपी वाया गेली तरी लगेच द्यायचा. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं तर फुकटच आहे.

भांडारपाल:
डॉक्सीचा हिशोब असा. लेप्टोच्या सौम्य रुग्णाला १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस, म्हणजे १४ कॅप्सूल. प्रतिबंधासाठी आठवड्याला २०० मिग्रॅ, ६ आठवडे, म्हणजे १२. एका निरोग्याला वाटलं की जवळजवळ एका आजाऱ्याचा कोर्स संपतो. आधी तापाच्या रुग्णांचा साठा बाजूला काढा, उरलं तर चिखलात उतरणाऱ्यांना, त्यातही हातापायाला जखमा असणाऱ्यांना. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं वगळून. गावभर नाही.

मागणी मागच्या जून ते सप्टेंबरच्या खपावरून काढा, वर्षाच्या सरासरीवरून नको. साठा नसलेले दिवसही वजा करा. समजा जूनमध्ये १८ दिवसच डॉक्सी होती आणि ९०० गेल्या, तर रोजचा खप ५०, महिन्याची गरज १५००. रजिस्टर बघून ९०० मागवाल तर यंदाही महिना अर्धा झाल्यावर संपतील. या आकड्यांत माल यायला लागणाऱ्या दिवसांचा खपही मिळवा.

व्हिटॅमिन आणि खोकल्याचं औषध शेवटी. ते नसल्याने कुणी दगावत नाही.

खाडीपलीकडे:
नळ्या यादीतच नव्हत्या, घातल्या. गेल्या वर्षीचे बिनसाठ्याचे दिवस रजिस्टरवरून आज मोजतो.