अण्णांचा अटलांटिक : ग्रुपवर ठरलेलं आणि राहिलेलं

निशा : सगळे आले ना? ग्रुपचं नाव मुद्दाम ‘अण्णांचा अटलांटिक’ ठेवलंय. इथे फक्त प्रवासाचं बोलायचं. गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड नकोत.

बापूकाका : गुड मॉर्निंग

निशा : काका!!

निशा : तर. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, क्वीन मेरी २, सात रात्री. आपण आठ जण. अण्णांना जाताना बोटीनेच जायचंय, एवढंच पक्कं आहे. बाकी सगळं कच्चं. सुमाआत्या दोनदा जाऊन आलीय, तेव्हा शंका तिला विचारा, मला नाही.

अमेयदादा : टायटॅनिक पण साउदॅम्प्टनहूनच निघालं होतं ना? सहज विचारतोय.

सुमाआत्या : हो रे बाबा, १० एप्रिल १९१२ ला. प्रत्येक घरात एक जण हे विचारतोच, आपल्यात तू निघालास. त्या अपघातानंतरच हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, १९१४ मध्ये. ती आजही चालू आहे. झालं समाधान?

शिल्पावहिनी : आत्या, मला एक कळत नाहीये. क्रूझ म्हणजे रोज एक नवं बंदर, उतरायचं, फिरायचं, संध्याकाळी परत. यात मधे कुठेच थांबा दिसत नाही?

सुमाआत्या : नाहीच आहे. निघाल्यापासून सात रात्री नुसतं पाणी, आणि मग एकदम न्यूयॉर्क. बंदरं हवी असतील तर दुसऱ्या प्रकारच्या फेऱ्या असतात. कॅरिबियनमध्ये हिवाळा काढलेल्या बोटी वसंतात भूमध्य समुद्राकडे येतात आणि शरदात परत जातात. त्या जागा बदलायला निघालेल्याच असतात, म्हणून तिकीट बरंच स्वस्त पडतं. वाटेत अझोर्स किंवा मदेरा ही बेटं लागतात, हवा उबदार असते, पण बारा-पंधरा दिवस जातात. आणि अण्णांनी जे डोक्यात धरलंय ते ते नव्हे.

अण्णा : बरोबर

सुमाआत्या : क्वीन मेरीला लोक क्रूझ म्हणतात, पण ती खरी ‘लायनर’ आहे. तिचं कामच समुद्र ओलांडणं. फ्रान्समध्ये सेंट नझैरला बांधली, २००४ पासून चालू आहे. ३४५ मीटर लांब. पुढचं टोक लांब आणि निमुळतं, पोलाद जाड, पाण्याखालचा भाग खोल. नेहमीच्या क्रूझ बोटी एकावर एक रचलेल्या इमारतींसारख्या दिसतात, ही तशी नाही. उत्तर अटलांटिकच्या लाटा कापायला केलीय.

मंदाकाकू : लाटा म्हणालात तिथेच माझं संपलं. मला तलावातली होडी लागते.

सुमाआत्या : मंदा, बोट लागणार नाही असं वचन कुणी देत नसतं. पण बोट झोपाळ्याची फळी समज. टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. म्हणून खोली मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यायची. बोटीला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पाती असतात, ती डावी-उजवीकडचं डोलणं आवरतात. पुढे-मागे होणारं मात्र आवरत नाहीत, ते होणारच. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर फारसा उपयोग नाही. कुठली घ्यायची ते तुझ्या डॉक्टरला विचार. आणि पलंगावर डोळे मिटून पडू नकोस, वर ये आणि क्षितिजाकडे बघत बस.

निशा : खोल्यांचं आत्ताच ठरवू या. बाल्कनी हवी का?

शिल्पावहिनी : अण्णांना तरी हवीच. ते बसतील ना बाहेर.

सुमाआत्या : इथेच फसायला होतं. खालच्या मजल्यांवर काही बाल्कन्या बोटीच्या पोलादी अंगातच कोरलेल्या आहेत. वारा लागत नाही, मजला खाली म्हणून डोलणंही कमी, सगळं छान. पण समोर कठड्याऐवजी पोलादी भिंत. उभं राहिलं की समुद्र, बसलं की भिंत. अण्णा उभे किती राहणार? वरच्या मजल्यावर काचेचा कठडा मिळतो, पण तिथे वारा आणि हालचाल दोन्ही जास्त. माझं मत विचाराल तर अण्णांना साधी खिडकीची खोली घ्या. सातव्या डेकवर पूर्ण बोटीला वळसा घालणारा लाकडी रस्ता आहे, तिथे लांबलचक लाकडी खुर्च्या असतात. मी सकाळी नऊला पांघरूण गुडघ्यावर घेऊन बसले की जेवणापर्यंत उठत नसे. तीन फेऱ्या मारल्या की मैलभराच्या थोडं वर चालणं होतं, बापूसाठी सांगतेय.

बापूकाका : मला चालण्याचं सांगू नकोस. डावी बाजू की उजवी ते सांग.

सुमाआत्या : पश्चिमेला तोंड केलं की डावीकडे दक्षिण. ऊन डावीकडे.

बापूकाका : डावी लिहा निशा.

निशा : लिहिली. आता जेवण. ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये दोन पंगती दिसताहेत, सहाची आणि साडेआठची. अण्णा सातला जेवतात. सहा म्हणजे भूकच नसणार, साडेआठला डुलक्या.

सुमाआत्या : यात एक गंमत आहे. न्यूयॉर्क साउदॅम्प्टनच्या पाच तास मागे. ते पाच तास बोट एकदम घेत नाही, पाच रात्रींत तासतासाने घड्याळ मागे करते. म्हणजे त्या दिवसांत दिवस पंचवीस तासांचा. आदल्या रात्री घड्याळ मागे गेलं की आजचे बोटीवरचे सहा म्हणजे अण्णांच्या पोटाचे सात. सहाचीच पंगत घ्या. उलट दिशेने आलो असतो तर हाच हिशेब अंगावर आला असता, रोज एक तास कापला गेला असता. मी एकदा तशी आलेय. जेवून उठेपर्यंत संध्याकाळच्या चहाची वेळ व्हायची. म्हणून जाताना बोट आणि येताना विमान, हा अण्णांचा हट्ट मला पटतो.

अमेयदादा : म्हणजे जेट लॅग नाही?

सुमाआत्या : नाही. उतरलास की ताजा.

शिल्पावहिनी : शाकाहारी मिळतं ना व्यवस्थित? आणि चिनूला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

सुमाआत्या : मिळतं, पण दोन्ही गोष्टी बुकिंग करतानाच कळवायच्या, बोटीवर चढून नाही. पहिल्या रात्री वाढपी स्वतः येऊन विचारतो. सातही रात्री टेबल तेच, वाढपी तेच. तिसऱ्या रात्रीपर्यंत तुम्हाला काय आवडतं ते त्यांना तोंडपाठ झालेलं असतं. दुपारी साडेतीनला क्वीन्स रूममध्ये चहा असतो, पांढरे हातमोजे घातलेले वाढपी तबकं घेऊन फिरतात. चहाला ‘फक्त एकच’ म्हणून बसायचं आणि मग सहाला जेवायला जाववत नाही. हे अनुभवाचे बोल आहेत.

निशा : मग आठ जणांचं एक टेबल मागते. सगळे एकत्र.

अण्णा : नको

निशा : नको म्हणजे?

अण्णा : तुमच्याबरोबर रोजच जेवतो. मला अनोळखी लोकांत बसवा.

अमेयदादा : अण्णा रॉक्स

मंदाकाकू : अहो पण अण्णा, तुमचं पथ्य, औषध, कोण बघणार?

सुमाआत्या : मी बसते त्यांच्याबरोबर. अगं, सामायिक टेबल मिळतं मागितलं तर. पहिल्या खेपेला आम्ही तसेच बसलो होतो. एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर आणि त्याची बहीण आमच्या टेबलाला होते. पहिल्या रात्री हवामानाशिवाय शब्द नाही. पाचव्या रात्री तो भाऊ चमचे-काटे मांडून यांना सिग्नल समजावत होता आणि वाढपी सूप घेऊन ताटकळत उभा. सात दिवस जमीन दिसत नाही ना, मग माणसं बोलतात.

निशा : बरं. अण्णा आणि आत्या वेगळे, आम्ही सहा जण एकत्र. बघते मिळतंय का. आता कपडे. काका, शांतपणे वाचा.

बापूकाका : टाय लावणार नाही.

निशा : अजून काही लिहिलंच नाहीये मी.

सुमाआत्या : दिवसभर काहीही घाला, कुणी ढुंकून बघत नाही. नियम संध्याकाळी सहानंतरचा. सातांपैकी साधारण दोन रात्री ‘गाला’ असतात, थीम आधी कळवतात. त्या रात्री पुरुषांना डिनर जॅकेट नाहीतर गडद सूट आणि टाय. बाकी रात्री नीटनेटके कपडे पुरतात, टाय नको असेल तर नको. बायकांचं सोपं आहे. आपापल्या देशाचा समारंभी पोशाख चालतो असं नियमातच आहे. मंदा, ठेवणीतलं नेस, सगळी क्वीन्स रूम वळून बघेल.

मंदाकाकू : माझं ठरलंय कधीच.

बापूकाका : आणि ज्यांना हे नाटक नको त्यांनी उपाशी मरायचं?

सुमाआत्या : नाही रे. किंग्स कोर्टमध्ये बुफे असतो, गोल्डन लायन पब आहे. तिथे साध्या कपड्यांत खुशाल जेव. फक्त मोठ्या हॉलमध्ये आणि नाचाच्या ठिकाणी त्या रात्री फिरकायचं नाही.

बापूकाका : मग मी बुफे. विषय संपला.

मंदाकाकू : मी नाही येणार हं तिकडे तुमच्या सोबतीला. आधीच सांगते.

शिल्पावहिनी : चिनू विचारतोय, शेरूला नेता येईल का? तो म्हणतो त्याने व्हिडिओ पाहिलाय.

सुमाआत्या : खरं आहे त्याचं. या बोटीवर कुत्र्या-मांजरांसाठी वेगळी जागा आहे. कुत्र्यांच्या फिरण्याच्या डेकवर ब्रिटिश पद्धतीचा दिव्याचा खांब आहे आणि अमेरिकन पद्धतीचा आगीचा बंब जोडायचा नळ. कुठल्याही देशाचा कुत्रा येवो, अडचण नको. पण जागा मोजक्या आणि फार आधी भरतात. शिवाय परत विमानात त्याला बसवायचं कसं?

शिल्पावहिनी : चिनू रुसला. पुढे चला.

निशा : सामान. बोटीवर वजनाची मर्यादा नाही असं ऐकलंय?

सुमाआत्या : बोटीचं सोड, परतीचं विमान वजन करणारच आहे. त्या हिशेबानेच भरा. कपडे कमी घ्या, बोटीवर धुलाईची यंत्रं आहेत, फुकट. इस्त्री घरून आणायची नाही, काढून घेतात. यंत्रांशेजारीच इस्त्री असते. भिंतीला ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही सॉकेट असतात.

आता महत्त्वाचं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, त्या रातोरात नेतात आणि थेट धक्क्यावर मिळतात. पहिल्या खेपेला यांनी सगळं आवरून, घड्या घालून, बॅगा शिस्तीत बाहेर ठेवल्या. पहाटे उठून बघतात तर अंगातला पायजमा सोडून घालायला काही नाही. पँट गेली बॅगेतून. ब्रुकलिनच्या धक्क्यावर हे पायजम्यावर कोट घालून अमेरिकेत शिरले. तेव्हा हातातल्या पिशवीत एक जोड, औषधं आणि पासपोर्ट. यादीत लिही निशा, मोठ्या अक्षरात.

अमेयदादा : आत्या, तुझ्या ‘यांनी’ ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही!

सुमाआत्या : मलाही कुणाला सांगू नको म्हणाले होते. पंधरा वर्षं पाळलं.

निशा : लिहिलं. व्हिसाचं मी बघतेय. दोन्ही देशांचे आधी हातात हवेत, नाहीतर धक्क्यावरूनच परत. अमेरिकेच्या मुलाखतीला वेळ लागतो, म्हणून तो आधी. मग तिकीट.

सुमाआत्या : आणि विम्यात समुद्रावरच्या आजारपणाचा आणि तिथून हलवण्याचा खर्च आहे ना, हे कागदावर वाचून घे. बोटीवर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो. आणि भर अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, तेव्हा अण्णांची औषधं लागतील त्यापेक्षा जास्त घ्या.

साउदॅम्प्टनला आदल्या दिवशीच पोचायचं. विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून रेल्वेने सव्वा-दीड तास. साउदॅम्प्टनला बोटींची पाच टर्मिनलं आहेत आणि सगळी जवळजवळ नाहीत, म्हणून टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोट’ सांगू नका, टर्मिनलचं नाव दाखवा. न्यूयॉर्कला उतरतानाही हातात वेळ ठेवा. बोट सकाळी लवकर लागते, पण पासपोर्ट, बॅगा यांत वेळ जातो. परतीचं विमान संध्याकाळचं घ्या किंवा दुसऱ्या दिवशीचं.

अण्णा : पूल किती वाजता

निशा : कुठला पूल अण्णा?

सुमाआत्या : मला कळलं. व्हेराझानो. न्यूयॉर्कच्या तोंडाशी १९६४ चा झुलता पूल आहे. बोटीचं धुराडं त्याच्याखालून जावं म्हणून मुद्दाम बुटकं केलंय. खाली उभं राहिलं की वाटतं, आता घासणार. पहाटे अंधारात जातो आपण, सगळे डेकवर गर्दी करतात. अण्णा, तुम्ही चारला उठताच. कानटोपी घ्या, वारा बोचतो. त्यानंतर थोड्या वेळाने स्वातंत्र्यदेवी दिसते.

अण्णा : बोटीचं चित्र लहानपणी भिंतीवर होतं. तेव्हापासून.

अण्णा : सहाची पंगत चालेल. दोन्ही गाला रात्री मोठ्या हॉलमध्येच जेवणार. सूट आहे माझा.

मंदाकाकू : अण्णा कोट घालणार आणि आमचे हे बुफेत बसणार.

निशा : तर उरलेली कामं : व्हिसा मी, विमा अमेयदादा, टेबल आणि ॲलर्जीचं कळवणं शिल्पावहिनी, अण्णांच्या औषधांची यादी मंदाकाकू. काका, तुमच्याकडे काहीच काम नाही.

बापूकाका : अण्णांच्या टेबलावर सुमी एकटी कशी पुरेल. गाला रात्री मीही तिथे बसतो.

मंदाकाकू : तिथे टाय लागते.

बापूकाका : माहीत आहे.

बापूकाका : काळी का निळी?