मालदीव आधी बुडेल की तहानेल?

भूजलवेडी: मालदीव म्हटलं की लोकांना १७ ऑक्टोबर २००९ची, मंत्रिमंडळाची पाण्याखालची बैठक आठवते. तेव्हापासून 'बुडणार' हा एकच शब्द डोक्यात बसलाय. माझं मत वेगळं आहे. बेटं बुडायच्या कितीतरी आधी तिथल्या विहिरी जातील.

प्रवाळी वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पुस्तकी हिशेबाने समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० मीटर असायला हवं. प्रत्यक्षात लहान बेटांवर हा थर जेमतेम काही मीटरचा, कारण खालचा जुना चुनखडक इतका सच्छिद्र आहे की भरती-ओहोटी गोड्या पाण्याच्या या थराला सतत घुसळत राहते. २००४च्या त्सुनामीत लाटा कित्येक बेटांवरून आरपार गेल्या आणि विहिरी खारट झाल्या. म्हणून पैसा आधी पागोळ्यांच्या टाक्यांवर आणि सांडपाण्यावर खर्च व्हावा, समुद्रात भराव टाकण्यावर नंतर.

मालेकर_शिक्षिका: मला हे अजिबात पटत नाही. ४ डिसेंबर २०१४ला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली तेव्हा मी राजधानी मालेत होते. एक लाखाहून जास्त लोकांचे नळ कोरडे. संडासात ओतायला आम्ही समुद्राचं पाणी बादलीने तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. भारतातून विमानाने पाणी आलं, मग नौदलाचं 'सुकन्या' जहाज आलं.

एवढं भोगूनही मी त्या प्रकल्पांच्याच बाजूने आहे. मालेच्या पोटातलं गोडं पाणी उपसून आणि घाण होऊन कधीच संपलंय. विहिरींच्या भरवशावर होते तेव्हाच, १९७८ला, तिथे कॉलऱ्याची साथ आली होती. विहीर आणि शोषखड्डा एकाच चिमुकल्या अंगणात असतील तर दुसरं काय होणार? दुसरा प्रकल्प उभारा, साठा वाढवा. विहिरीकडे परत जा असं कृपा करून सांगू नका.

प्रवाळमित्र: दोघींचंही एक सुटतंय. प्रशांत महासागरातल्या तुवालू या देशाच्या १०१ बेटांचा अभ्यास २०१८ला आला. १९७१ ते २०१४ या काळात समुद्र चढत असूनही तिथली एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली. लाटा प्रवाळाचा चुरा आणून किनाऱ्यावर टाकतात. जिवंत प्रवाळ हाच बेटाचा गवंडी. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ला समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, खरी काळजी तिथे आहे.

भूजलवेडी: जमीन वाढली हे मान्य. पण वाळू वाढली म्हणून विहीर गोड होत नाही. एकदा लाट आत शिरली की तो थर धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात.

मालेपुरतं शिक्षिकाबाईंचं म्हणणं मी मान्य करते, तिथे दुसरा इलाज नाही. कॉलऱ्याचा मुद्दाही खरा, म्हणूनच मी सांडपाणी म्हटलं होतं. पण १००० लिटर पाणी गोडं करायला ३-४ युनिट वीज लागते आणि लहान बेटांवर ती मुख्यतः डिझेलवर बनते. वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देशात जानेवारी ते एप्रिल बोटीने पाणी पोचवावं लागतं, हे मला बघवत नाही.

मालेकर_शिक्षिका: बोटीची वाट बघणारं बेट मीही पाहिलंय. टाकीची तोटी उघडी, खाली हंडा, आणि आत गंजाचा तांबडा घोटभर. टाक्या मोठ्या करा, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण त्या बेटावर तापाने फणफणलेलं लेकरू असेल तर मला आजच्या आज शुद्ध पाणी हवं, आणि ते यंत्रच देईल.