पहाटे साडेतीनच्या आधी झोपच लागत नाही. आळस की आजार?

पूर्वभागातला_पोरगा
वय २६. टॉवेल कारखान्यात बिलिंगला आहे, ९ ला हजर व्हावं लागतं. कॉलेजपासून झोप साडेतीनलाच. दहाला आडवा झालो तरी शेजारच्या लूमचा खटखटाट ऐकत पडतो. पण रविवारी कुणी उठवलं नाही तर साडेतीन ते अकरा गाढ. आईनं मोबाइल लपवून महिना झाला, फरक शून्य. मित्र म्हणाला, पहाटे फिर. अख्खा मे रोज सहाला सिद्धेश्वर तलावावर चकरा मारल्या, तर झोप उलट चारवर गेली! परवा बिलात १२ डझनचे १२० केले. मालक काय बोलले ते इथं लिहीत नाही.

चादरवाले_काका
अंग मोडेपर्यंत काम कर बे, दहालाच घोरशील.

जुळेसोलापूरची_ताई
काका, राहू द्या. मी यातून गेलेय.
रविवारची झोप हीच खूण. निद्रानाश असता तर तेव्हाही तळमळला असतास. याला डिलेड स्लीप फेज म्हणतात, म्हणजे झोपेची वेळच उशिरा सरकलेली, १९८१ पासून डॉक्टरांना माहीत आहे. बहुतेकांच्या मेंदूतलं घड्याळ २४ तासांहून थोडं जास्तच घेतं, उजेड ते रोज जुळवतो.
तलावाचं गणित इथंच चुकलं. आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी अंगाचं तापमान सगळ्यात कमी होतं, तुझं नऊच्या आसपास. त्याआधीचा उजेड झोप आणखी उशिरा ढकलतो, नंतरचा अलीकडे आणतो. सहाचं ऊन म्हणजे तुझ्या शरीराला मध्यरात्री लावलेला बल्ब!
मी दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली. अकराला उठून लगेच गच्चीवर अर्धा तास, मग दर दोन-तीन दिवसांनी उठणं अर्धा तास अलीकडे. संध्याकाळी ट्यूब बंद, बारका पिवळा दिवा. रविवारीही तीच वेळ, इथं मी दोनदा घसरले. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. ते झोपेच्या काही तास आधी घ्यायचं असतं, निजताना नाही. आणि जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही ने.

पूर्वभागातला_पोरगा
ताई, वही सुरू केली. वडिलांनी पहिलं पान वाचलं. म्हणाले, "रातपाळी सुटून सहा वर्षं झाली, मला अजून दोनला जाग येते. मला पण आण एक वही."