मदत हवी आहे: टर्बो गाडीत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरू की ९८ चं?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं पैसे साठवून शेवटी मनासारखी गाडी घेतली. सेकंडहँड आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलंय: किमान ९५, शिफारस ९८. या ओळीचा नेमका अर्थ काय घ्यायचा, हे महिनाभर कळलेलं नाही.

तीन टाक्या ९५ च्या भरल्या, दोन ९८ च्या. रस्ता रोजचाच. ९५ वर ११.८ चं अ‍ॅव्हरेज मिळालं, ९८ वर १२.१. म्हणजे जेमतेम अडीच टक्के वाढ. दोन्ही पेट्रोलच्या भावात १० टक्के फरक धरला, तर तो भरून निघायला अ‍ॅव्हरेज तेराच्या आसपास जायला हवं. तेवढं काही होत नाही. दर किलोमीटरला खर्च ७ टक्के जास्तच पडतो.

एवढंच असतं तर मी डोळे झाकून ९५ भरलं असतं. पण ९५ वर चढाला, एसी चालू असताना, वरच्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पाय दाबला की बारीक कटकट ऐकू येते. बाटलीत खडे हलवावेत तशी. ९८ वर हा आवाज एकदाही आला नाही. नॉक सेन्सर सगळं सांभाळून घेतो असं मेकॅनिक म्हणतो. मग आवाज का येतो? निम्मं-निम्मं भरलं तर चालेल का? आणि ऑक्टेन बूस्टरची बाटली ९५ मध्ये ओतून काम भागेल का? इंजिनाची फार काळजी वाटते, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी एक गैरसमज दूर करतो, तुमचा नाही, सर्रास असतो तो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीआधी किंवा ठिणगीनंतर आपोआप न भडकण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टीवर आयसोऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरलंय. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून कोंबलेली असते, म्हणून त्याला ही क्षमता जास्त लागते. त्या दाबासाठी न बनवलेल्या साध्या इंजिनात ९८ भरून काहीच पदरात पडत नाही.

नॉक सेन्सर हा ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक प्रकारचा माइक असतो. ठोका (पेट्रोल आपोआप भडकल्याचा आवाज, म्हणजेच नॉक) ऐकला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो, गरज पडली तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाबही कमी करतो. इंजिन वाचतं, पण ठिणगी उशिरा पडल्यामुळे थोडी ताकद जाते, एक्झॉस्ट जास्त तापतो, अ‍ॅव्हरेजही उतरतं. तुमचे अडीच टक्के इथेच गेले. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या, त्यातही अ‍ॅव्हरेजमधली सरासरी वाढ २.७ टक्केच निघाली होती. खर्चाचं तुमचं गणित बरोबर आहे.

पण मला खटकतोय तो आवाज. स्टिकरवर किमान ९५ आहे, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर निरोगी इंजिनाने ९५ वर कानाला ऐकू येईल इतकं ठोकायला नको. स्पार्क प्लग जुने, सिलिंडरमध्ये कार्बन साचलेला, पेट्रोल खराब, किंवा आधीच्या मालकाने रीमॅप केलेला, म्हणजे ईसीयूची मूळ सेटिंग बदललेली. यांतलं काही तरी असणार. ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती मागे जातंय ते पाहा. तोवर चढाला गिअर उतरवा, कमी आरपीएमवर पाय दाबू नका.

प्रतिसाद २

मिश्रणाचं: निम्मं ९५, निम्मं ९८ म्हणजे साधारण ९६.५. हिशोब बराचसा सरळ चालतो, बिनधास्त करा. बूस्टरच्या बाटलीवर 'पाच पॉइंट' लिहिलेलं असलं तर बहुतेकदा त्याचा अर्थ अर्धा ऑक्टेन असतो, पाच नव्हे. काहींत मँगनीज असतं, त्याचा थर प्लगवर बसतो. त्या पैशात ९८ भरा.

आणखी एक, परदेशी व्हिडिओ पाहून घाबरू नका. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन मापांची सरासरी असतो. तिथलं ९१ म्हणजे आपल्या रॉनच्या मापात ९५-९६ च्या आसपास. स्टिकरवर कोणतं माप आहे ते आधी वाचा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. स्टिकरवर रॉनच आहे. प्लग बदलले, आवाज तसाच राहिला. मग स्कॅनर लावून त्याच चढावर गेलो. ९५ वर चारही सिलिंडरचं टायमिंग पाच-सहा अंश मागे जात होतं, ९८ वर शून्य ते एक. एकाच सिलिंडरचं गेलं असतं तर बिघाड म्हटला असता. गाडीबरोबर मिळालेले कागद पुन्हा चाळले, तर सर्व्हिसच्या पावत्यांत रीमॅपची पावती सापडली. त्यावर स्पष्ट लिहिलंय: ९८ रॉनसाठी. विकताना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे माझ्या गाडीपुरता स्टिकर खोटा ठरला, तिचं किमानच आता ९८ आहे. पुढची टाकी ९८ ची भरली आहे. रीमॅप काढून मूळ मॅप टाकावा की हा सात टक्क्यांचा खर्च सोसावा, हे अजून ठरत नाहीये. कुणी मूळ मॅपवर परत गेलं असेल, तर पिकअपमध्ये रोजच्या वापरात किती फरक पडला ते नक्की लिहा.